कबुतरांची गोष्ट आणि मी

हसू नका, त्या दोराला तुम्ही लोंबकळत नव्हतात! पारोळ्याजवळ आमच्या गावच्या विहिरीतला गाळ काढून मी वर येत होतो. काठावर सहा जण दोर ओढत होते. निम्म्यात आलो आणि दोर थांबला. श्रमदान पाहायला धुळ्याहून साहेब आले होते. त्यांनी जाळ्यासकट एकजुटीनं उडालेल्या कबुतरांची गोष्ट सुरू केली.

खाली नुसता खडक. मी ओरडलो, "आबा, पहिले माले वर काढा!"

वरून आबा म्हणाले, "थांब ना भाऊ, गोष्ट सरू दे!"

गोष्ट सरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी!

मी दगडासारखा खाली गेलो आणि खडकाच्या हातभर वर हिसका बसून थांबलो. ओढणाऱ्यांत सगळ्यात मागे उभ्या असलेल्या नानांनी कमरेला गुंडाळलेला दोर सोडलाच नव्हता.

साहेबांनी त्यांची पाठ थोपटली, "गोष्ट कळली ती यांना!"

नाना ठार बहिरे होते.