रस्त्याखाली रीमत

अधिकारीसाहेब, देवाच्या मिरवणुकीचा रस्ता रुंद करायचा म्हणून तुम्ही बाबिलोनमधली आमची अख्खी गल्ली पाडायला काढलीत, आणि घरांच्या जमिनीखाली कोणाची लेकरं पुरली आहेत एवढंही विचारलं नाहीत. काल तुमच्या दारासमोरच्या रांगेत माझ्यापुढे झाकिरू आणि त्याची बायको नुप्ता उभी होती. राजासारखीच खाल्डी माणसं, दक्षिणेच्या दलदलीतून आलेली. त्यांचं बोलणं ऐका.

“अहो, रीमतला सोबत न्यायचं ना?”

“पुरलेलं माणूस उकरलं तर त्याचा जीव भटकत राहतो, नुप्ता.”

“मग राहू दे तिथंच? डोक्यावरून रथ जातील लेकीच्या!”

“ती कसली उठतेय? गाढव कानाशी ओरडलं तरी घोरायची.”

“तुमच्यावर गेली होती.”

“रंगानं. घोरणं तुझं.”

“गप्प बसा. रोज संध्याकाळी जमिनीतल्या नळीतून पाणी पाजते मी तिला. भर रस्त्यात कशी पाजू?”

“मी रथ अडवून धरीन. तू पाज.”

“तुम्ही? तुम्हाला बकरी आवरत नाही.”

“बकरीसाठी कोण एवढा जीव टाकतो?”

“काल मला बरं नव्हतं, तेव्हा तुम्ही पाणी घातलंत. काही बोललात तिच्याशी?”

“म्हटलं, आई उद्या विचारायला जाणार आहे. तोवर झोप.”

त्यांची पाळी आली आणि तुमच्या पहारेकऱ्यानं दार लावून घेतलं. रीमत जिथं पुरली आहे तेवढी एक खोली सोडा, नाहीतर शांतीचा विधी करून पोरीला हलवायला पुरोहित द्या. यातलं काय करता, ते आज तिच्या आईसमोर उभं राहून सांगा.