तालुक्यातली पहिली मशीन

न्हाई, मला एक सांगा, सरकारचं ऐकणं गुन्हा हाय का? असंल तर आधी सांगायचं ना राव!

तुम्हाला सांगतो, देवणीकडं आपली दगडखाण. वीस वर्षं खडी फोडून राहिलो, मी आन् आमचा अजीज मिस्त्री. तर एका सरकारी मीटिंगीत उद्योग खात्याच्या साहेबानं सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठिवला, "रामलिंगअप्पा, नदीची वाळू आता बंद. दगडाची वाळू करा. मशीन घ्या, निम्मे पैसे सरकार देईल. तुम्ही पुढे व्हा!"

झालो की पुढं! अजीज वरडून राहिला, "अप्पा, पहले कागज तो हाथ में आने दो!" म्हणलं, साहेबाचा हात खांद्यावर हाय, कागद कशाला? खडी फोडायचं जुनं क्रशर भंगारात घातलं, उदगीरचा प्लॉट इकला... तिथं आमची बायको शिवकांता घर बांधणार होती... पर तालुक्यातली पहिली मशीन आपली!

वाळू पडाया लागली, अर्ज घेऊन गेलो. साहेब म्हणतेत, "अप्पा, धोरण बदललं!"

"म्हंजे?"

"आता मदत फक्त नवीन मशीन घेणाऱ्यांना. तुमची तर चालू आहे!"

अवो, तुमीच म्हणलाव म्हणून चालू हाय! "म्हणून तर अभिनंदन," म्हणले, चहा पाजला! आन् जाता जाता हळूच... "बंद पडलेल्या युनिटला वेगळी मदत आहे बरं का."

केली बंद! अजीज देगलूरला दुसऱ्याच्या क्रशरवर गेला. वीस वर्षांच्या सोबतीचा माणूस, जाताना एक शब्द लावून बोलला न्हाई... बोलला असता तर लई बरं वाटलं असतं.

तीन महिन्यांनी गेलो. "अप्पा, धोरण बदललं!" बंदवाल्यांचं कलमच काढलं म्हणे! आता काय करावं? मशीन चाटावी?

वर गेल्या महिन्यात साहेबाचा फोन, "नवीन लोकांची मीटिंग आहे, तुम्ही आमचे पहिले उद्योजक, दोन शब्द बोला." म्हणलं, येतो! आज बोलतोच! माइक धरला, समोर चाळीस माणसं, सगळ्यांच्या डोळ्यांत माझीच जुनी आशा... एवढंच म्हणलं, "बाबांनो, पुढं पुढं करू नका. सगळ्यात शेवटी जावा."

टाळ्या! अवो, टाळ्या थांबंनात! साहेबाचे डोळे भरले, "एवढा मोठा माणूस, पण नम्रता बघा!"

आता दर तालुक्याला भाषणाला बोलावून राहिलेत. जातो. डिझेल माझंच.