आईचं तांबाटं

माझं नाव सुभद्रा, माहेर फलटणकडचं. तीस वर्षं पुण्यात लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या, पोराला इंजिनियर केला, आता तो इथं सिंगापूरला, टॅम्पिनीसमधे, अकराव्या मजल्यावर, आणि त्याच्यासंगं मी. काय सांगू तुमाला, इथं सगळं हाय, पन माती न्हाई, माती पिशवीत इकत मिळती.

आईच्या परसात गावरान टमाटे व्हते, ती तांबाटं म्हणायची. चपटी, खाचा पडलेली, आंबट अशी की खाताना डोळा मिटायचा. आई गेली, भावानं परसात शेड घातली, तिच्या डब्यात एक पुरचुंडी तेवढी ऱ्हायली, नऊ बिया. आता जगात तिचं तांबाटं तेवढंच. नऊ लावल्या, उगवली एक.

कॉरिडॉरमधे सकाळचं ऊन यायचं, मी खुर्ची टाकून बसायची, लांब इमानं ढगात शिरायची, पानाला हात लावला की बोटांना आईच्या पदराचा वास, मग मी कुठं हाय तेच कळंना. पन फुलं यायची आणि गळायची. मधमाशी एवढ्या वर कुठनं येणार?

शेजारी चिनी आंटी हाय, माझ्याच वयाची, तिला माझी भाषा न्हाई, मला तिची न्हाई. एक दिवस ती विजेवरचा दात घासायचा ब्रश घेऊन आली की, गुर्रर्र करत, फुलाच्या देठाला लावाया. अगं बया! मी आडवी आले. पहिलं फळ देवाला बोलले व्हते मी, आणि हिचा उष्टा ब्रश? नात माझी इथंच वाढलेली, इथल्या लोकांवानी बोलण्यामागं ‘ला’ लावती, ती म्हणाली, आजी, धुतलाय ला, मधमाशी फूल हलवते ना, तसंच, मग फळ धरतं. मी म्हटलं, तू गप. आंटी तोंड पाडून गेली. मग घोसच्या घोस गळले, रोप पिवळं पडलं, शेंड्याला ऱ्हायली तीन फुलं.

त्या दुपारी डोळा लागला तर आई परसात बसलीया, तांबाट्याचा एक घास तिनं घेतला, उरलेलं माझ्या तोंडात. उष्टंच की! तिचं उष्टं खाऊनच वाढले मी. जागी झाले ती आंटीचं दार वाजवलं. लई लाज वाटत व्हती, सांगणार कसं, बोट दातापुढं धरून गुर्रर्र केलं. असली हसली ती!

एक फळ धरलं, पिकलं. देवापुढं ठेवलं, मग दोघींनी खाल्लं, तिचाबी डोळा मिटला. बिया कागदावर वाळवल्या, अर्ध्या तिला दिल्या.

बरं झालं दिल्या. माझ्या कुंडीतली यंदा सगळी करपली बघा, एक न्हाई ऱ्हायलं. मी रडले, खोटं कशाला बोलू. पन तिच्या दारात चार रोपं हायत, फुलावर आल्यात. रोज सकाळी तो ब्रश गुरगुरतो आणि मी पडल्यापडल्या ऐकते. आई माझी आता चिनी घरात नांदतीया. सुखात ऱ्हा म्हणावं.