अंडी संपली

आजोबांच्या खरचटलेल्या कोपराला पट्टी बांधताना नर्सबाईंचे कान मात्र आजींकडे होते.

“सायकलवरून आपटलात, हेल्मेट तडकलं, पण डोकं शाबूत! नशीब, आज ते डोक्यावर होतं,” आजी म्हणत होत्या.

“एरवी त्यात अंडी आणतो ना मी. पण आठवडा झाला, दुकानात अंडीच नाहीत. रिकामं हेल्मेट हँडलला खडखडतं, म्हणून घातलं डोक्यात.”

“अंडी आहेत हो दुकानात.”

“छे! रोज नाही म्हणतो तो.”

“मीच सांगून ठेवलंय. यांनी हेल्मेट पुढे केलं, की अंडी संपली म्हणायचं.”

“काय सांगतेस!”

“आणि आठवडाभर रोज सकाळी ऑम्लेट खाताय, ते कुठून येतं, असं वाटलं नाही कधी?”

“नाही गं.”

“बघा नर्सबाई, असलं डोकं वाचवायला मी एवढा खटाटोप केला!”