पंचबाईंची पळायची वेळ

...आणि म्हणे वेळ चुकतेय! माझी! तुम्हाला सांगते, मी फुटबॉलची पंच आहे हो, मैदानावर बावीस माणसं पळत असतात आणि घड्याळ असतं ते माझ्या मनगटावर, मी म्हणेन तेव्हा सामना सुरू, मी म्हणेन तेव्हा बंद, आणि मला सांगतात, "बाकी सगळं बरोबर आहे गं तुझं, फक्त वेळ चुकतेय!" कोण सांगतं? जो भेटेल तो! फुकटचा सल्ला द्यायला कुणाचं काय जातंय?

झालं काय, की यंदा स्पर्धेच्या अंतिम सामन्याला मुख्य पंच म्हणून माझं नाव निघालं. आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं. अहो, इतकी वर्षं मी हातात झेंडा घेऊन मैदानाच्या कडेकडेनं पळालेय, धुणं वाळत घालायला जागा शोधत असल्यासारखी! मधे शिट्टी घेऊन उभी राहणारी दुसरीच माणसं. आणि पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही. अट एकच... पळण्याची चाचणी. शिट्टी वाजली की पळायचं, पुढची वाजायच्या आत पलीकडची रेघ गाठायची, जरा चालायचं, की परत शिट्टी. एकदा मागे पडलात तर ताकीद, दुसऱ्यांदा पडलात तर या आता, नमस्कार. आणि मी सरावात निम्म्यातच फतकल मारून बसत होते.

तर आमचे हे म्हणाले, "तू संध्याकाळी दमून आल्यावर पळतेस, वेळ चुकतेय तुझी, पहाटे पळ, रस्ता मोकळा असतो." असणारच! ह्यांना मोकळाच दिसणार, हे बस चालवतात, पहिली फेरी ह्यांची! मी आपली अंधारात धडपडत पळतेय, डोळे अजून उशीवरच आहेत, आणि मागून बस येते, माझ्या बाजूनं माझ्याच वेगानं चालते, म्हणजे बघा माझा वेग, आणि दार उघडतं. "येतेस का?" म्हटलं, नाही, सराव आहे. दुसऱ्या दिवशी परत दार. "बघ हं, खिडकीजवळची जागा आहे." आतली माणसं बघतायत, त्यांना काय माहीत बायको आहे, त्यांना वाटतंय बिचारीची बस चुकली, एक आजोबा तर आतून ओरडताहेत, "थांबवा हो गाडी, किती वेळ पळवताय बाईला!" शेवटी एके दिवशी चढले. शेवटच्या थांब्यापर्यंत झोपले आणि त्याच बसनं घरी आले. संपली पहाट.

मी कामाला दातांच्या दवाखान्यात. अवजारं उकळायची, पेशंटचे नंबर पुकारायचे, घाबरलेल्यांना "काही दुखत नाही हो" म्हणायचं. डॉक्टरांना कळलं. त्यांचं कसं आहे, समोरच्याचं तोंड उघडं असलं की डॉक्टरांना बोलायला सुचतं. "ताई, वेळ चुकतेय तुमची! शरीर गरम कधी असतं? दुपारी! सांधे मोकळे कधी? दुपारी! हो की नाही?" असं त्या खुर्चीतल्या माणसाला विचारतात, तो बिचारा तोंडात नळी घेऊन "आँ" म्हणतो, की झालं, शास्त्र सिद्ध! म्हटलं चला, दुपारी. जेवणाच्या सुटीत मागच्या गल्लीत पळायचे. एकदा उशीर झाला म्हणून तशीच मागच्या दारानं आत आले, चेहरा लालभडक, केस कपाळाला चिकटलेले, श्वास लागलेला, भिंत धरून उभी राहिले आणि नंबर पुकारला. बाकावर चौघं बसली होती. माझ्याकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि उठून गेली हो चौघंही! दाढ सुजलेला माणूससुद्धा गेला! डॉक्टर बाहेर आले, रिकामा बाक बघितला, म्हणाले, "ताई, संध्याकाळ काही वाईट नसते."

म्हणजे फिरून गाडी संध्याकाळवर! आणि संध्याकाळी आमच्या घराजवळच्या मैदानावर पळायला जागा कुठे असते? मैत्रिणी-मैत्रिणी हातात हात घालून पाच-पाच जणी एका ओळीत चालणार, मधेच थांबून एकीच्या जावयाचं काय झालं ते ऐकणार. मला सवय! मी शिट्टी फुंकली! हात वर करून सगळ्यांना रेघेच्या मागे घेतलं! आणि गेल्या हो बिचाऱ्या मागे, एकीनं तर विचारलं, "माझा काय दोष?" लाज वाटली मला. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

आणि तिथेच शोध लागला! शेजारी पोरं फुटबॉल खेळत होती. मी नेहमीसारखी फतकल मारायच्या बेतात, आणि एक पोरगा आपल्या गोलकीपरवर खेकसला, "डोळे आहेत का बटणं शिवलीत रे!" ...माझे पाय पळायला लागले! मी नाही हो, पाय! सामन्यात आमच्यावर हेच ओरडतात ना सगळे! पंचांना पहिल्याच दिवशी शिकवतात, बाहेरून कोणी काहीही ओरडलं तरी ऐकायचं नाही. नाही ऐकत आम्ही, कानाला लावून घेत नाही, पण पायांना ऐकू जातं त्याचं काय करणार? इतकी वर्षं मी शिव्यांवर पळालेय. आणि सरावाला काय? शांतता! पक्षी! अशानं कुणाचे पाय हलणार?

घरी आले, ह्यांना म्हटलं, चला मैदानावर, मला शिव्या द्या. हे म्हणाले, "लोक काय म्हणतील?" म्हटलं, तुम्ही द्या तर! उभे राहिले कडेला, घसा साफ केला, आणि म्हणाले, "अगं... जरा भरभर, जमलं तर, हं?" काय करू मी ह्या माणसाचं!

आता घरात राहिलं कोण? सासूबाई. सासूबाई म्हणजे, तुम्हाला सांगते, बाई वाईट नाही. पण कौतुक हा शब्द त्यांच्या तोंडात कधी आलाच नाही. मी स्वयंपाक केला तर "शिजलंय." नवीन साडी नेसले तर "अंग झाकलं जातंय." पंचाची परीक्षा पास झाले, पेढे... जाऊ द्या, पेढ्यांना पण नाव ठेवलं. त्यांना विचारायचा धीर कुणाला? पण अडला हरी! म्हटलं, "आई, माझ्यासोबत याल का? मी पळताना मला बोलायचं." म्हणाल्या, "काय बोलायचं?" म्हटलं, "मनात येईल ते." बाईंनी माझ्याकडे बघितलं, अगदी वरपासून खालपर्यंत. म्हणाल्या, "खुर्ची घ्यावी लागेल."

घडीची खुर्ची घेतली, पाण्याची बाटली घेतली, रेघेच्या कडेला बसल्या आणि सुरू झाल्या! "ही पळते का पोळ्या मोजते? उचल तो पाय, भाड्यानं आणलायस का? लग्नाला उशिरा आलीस, तेव्हाच मी ओळखलं हिचा पिंड! दुधावर लक्ष ठेव म्हटलं तर पुस्तक वाचत बसलीस, ऊतू गेलं, आठवतंय का? मला आठवतंय!" आणि मी पळतेय हो! वाऱ्यासारखी! एकदाही बसले नाही! रोज जायला लागलो. त्या पाच-पाच जणींचं चालणं बंद झालं, सगळ्या खुर्चीभोवती येऊन बसायच्या, "आजी, ते बारशाचं अर्धंच राहिलं काल." घरातलं काही शिल्लक ठेवलं नाही बाईंनी. रात्री मला वाईट वाटायचं, नाही असं नाही, एवढं सगळं साठवून ठेवलं होतं म्हणजे काय! पण घड्याळ खोटं बोलत नाही. मी रेघ गाठत होते. डॉक्टर, हे, सगळे म्हणायला लागले, "बघ, वेळच चुकत होती तुझी!"

चाचणीचा दिवस. वेळ किती वाजताची? अकरा! पहाट नाही, दुपार नाही, संध्याकाळ तर नाहीच नाही! म्हटलं असू दे, सासूबाई आहेत. बाहेरच्यांना आत सोडेनात, तर त्या कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभ्या राहिल्या. परीक्षक म्हणजे गोड माणूस, प्रत्येक फेरीला आपले "छान, ताई, छान!" त्या छाननं माझे पाय जड झाले आणि एका फेरीला मागे पडले. ताकीद! तशी जाळीतून आवाज आला, "बसलीस ना? माहेरी पण अशीच बसून खायचीस!" सुटले मी! परीक्षक घाबरले, "कोण त्या? पोलिसांना बोलवू का?" पळता पळता म्हटलं, "नको, सासूबाई आहेत, मदत करतायत!"

एकेक करत निम्मे पंच गळले. माझ्याहून तरुण, दंडाला ठोके मोजायचे पट्टे लावून आलेले, गवतात आडवे. आणि मी उभी! शेवटची फेरी राहिली. शिट्टी झाली, पळाले, छातीत नुसता भाता चाललाय, समोर ती पांढरी रेघ दिसतेय, हात लांब केला तर हाताला लागेल... आणि जाळीतून आवाज आला, "शाब्बास गं माझी वाघीण!"

थांबले हो मी!

शिव्या कानावरून कशा जाऊ द्यायच्या ते शिकवलंय आम्हाला. कौतुकाचं कुणी काही शिकवलंच नव्हतं! मी जागच्या जागी थांबले, मागे वळले, आणि म्हटलं, "काय म्हणालात?" तेवढ्यात मागे शिट्टी वाजली. रेघेच्या अलीकडे उभी होते मी.

कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडले. भरपूर रडले. अंतिम सामना एका तरुण पोरानं खेळवला, बरा खेळवला. मी चौथी पंच, खेळाडू बदलला की नंबराची पाटी वर धरायची, एवढंच काम. एका जागी उभं राहून.

पण तुम्हाला खरं सांगू? रेघेचं दुःख आहेच, पण रात्री डोक्यात ती रेघ येत नाही. ते वाक्य येतं. नीट ऐकलं का मी? तेच म्हणाल्या ना? आठवडाभर विचारायचं धाडस केलं नाही. शेवटी जेवताना, ताटात बघत बघत, म्हटलं, "आई, त्या दिवशी जाळीपाशी तुम्ही मला... म्हणजे... शाब्बास म्हणालात ना? परत एकदा म्हणाल?"

सासूबाईंनी घास संपवला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "एकदा म्हटलं, तर मैदानात पुतळा झालीस. घरात म्हटलं तर भांडी कोण घासणार?"