दातांच्या विभागाचं दुसरं दार

नाही नाही, परक्यानं केलं असतं ना, तर मी चकार शब्द काढला नसता! पण भर समितीत, माझ्याच नकाशावर बोट ठेवून केसानं गळा कापला कोणी? सख्ख्या बहिणीनं हो... सख्ख्या!

तुम्हाला सांगतो, हॉस्पिटलच्या आवारात, जुनी इमारत आणि धोबीखाना यांच्या मधल्या जागेत दातांचा नवा विभाग बांधायचा, काम मला मिळालेलं, स्वतंत्र आर्किटेक्ट म्हणून पहिलंच, मग काय, जीव ओतला मी! चार खोल्या, चार खुर्च्या, प्रत्येक खुर्चीसमोर खिडकी, खिडकीबाहेर झाड, तो मेला कंप्रेसर पार मागच्या कोपऱ्यात, घरघर कानावर यायला नको म्हणून... समिती खूश! अध्यक्ष म्हणजे हाडांचे डॉक्टर, जन्मात कशाला बरं म्हटलेलं नाही, तेसुद्धा म्हणाले, "हं... चांगलंय." मेट्रनबाईंनी तर बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली! राहिलं फक्त दातांच्या मुख्य डॉक्टरांचं मत. त्या कोण? आमची ताई! म्हटलं, घरचंच माणूस, झालं काम.

ताईनं चष्मा लावला, नकाशा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि विचारते, "प्रत्येक खोलीला दोन दारं कशाला?"

म्हटलं, "हवा खेळती राहते."

"आणि हे दुसरं दार थेट फाटकाकडे निघतंय ते?"

"आग लागली तर!"

"चारही खोल्यांना वेगवेगळी आग लागणार आहे का रे?"

अहो, खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पाहिले होते, ही तर दारं मोजायला बसली! आणि एवढ्यावर थांबेल तर ती ताई कसली? उभी राहून म्हणते, "मंडळी, हा दवाखाना नाही, पळवाट आहे. आमचा बाब्या लहानपणी दातांच्या डॉक्टरकडून संडासाच्या खिडकीतून पळाला होता! आत्ताही उजवी दाढ सुजलीय, लपवत फिरतोय. बघा ना, बिस्किट डाव्या बाजूनं खातोय!"

अख्खी समिती माझ्या गालाकडे! मी चावणं थांबवलं... आता थांबवून काय उपयोग? दाढेचं मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं, शपथ घालून! कोणाला? सख्ख्या बहिणीला हो!

आणि खोटं कशाला बोलू, होतो मी भित्रा. पण मागे दार आहे एवढं ठाऊक असलं ना, की भित्रं माणूस खुर्चीत टेकतं तरी! हे सांगायला तोंड उघडलं, तोच अध्यक्ष म्हणाले, "बाब्या... साहेब, आधी दाढ दाखवून या. मग दारांचं बोलू."

गेलो. काय करता? पहिलंच काम हातचं जायची वेळ! सध्याचा विभाग म्हणजे जुन्या इमारतीतली एक खोली, तिला एक दार, त्या दारात मेट्रनबाई. ताईनं तोंडात कापूस कोंबला, हनुवटी धरली, मशीन सुरू केलं, आणि तेव्हा, बरं का, तेव्हा प्रेमानं विचारते, "मग बाब्या, एकच दार ठेवायचं ना? नको असेल तर मान हलव. पण हललास तर मशीन जिभेवर जाईल हं, मेट्रनबाई साक्षीला आहेत."

नाही हलवली हो... ठराव एकमतानं मंजूर झाला!