दुनाळीच्या आडून

माझं माहेर बुऱ्हाणपुरातलं, लोधीपुऱ्यातलं, आन सासर तुकईथडचं, केळीवालं घर. लगीन होऊन आली तवा ओट्यावर खुंटीले दुनाळी बंदूक टांगलेली, दोन नळ्यांची, वर दोन घोडे, बकरीच्या कानासारखे उभे. आजेसासऱ्याची ती, त्यायच्या मागे सासऱ्याकडे आली. आबा म्हणत सगळे सासऱ्याले. रानडुकरं केळीत घुसली की आबा बांधावर जाऊन एक बार हवेत काढत, बस. कोणाचा जीव नाई घेतला तिनं, आवाजच काय तो मोठा.

आता काय सांगू तुमाले, आमच्यात सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाई. डोक्यावर पदर, नजर खाली, काई सांगायचं तं सासूच्या तोंडून, नाई तं पोराच्या तोंडून. सासऱ्यानंही सुनेशी सरळ बोलायचं नाई. मी मूळची बडबडी, माय म्हणे हिच्या तोंडाले कुलूप लावा, तं इथं आल्या आल्या लागलंच.

पहिल्या दसऱ्याले सासूबाईनं शस्त्रपूजा मले सांगतली. मी मनापासून केली बाई, दुनाळीले आधी पाण्यानं न्हाऊ घातलं, मग ओली हळद, ओलं कुंकू, पार नळीपर्यंत. आठवड्यात लाल लाल गंज. मी दाराआड उभी, वाटलं आता आबा घर डोक्यावर घेतात. तं आबा खाली बसले, दुनाळी मांडीवर घेतली आन तिलेच म्हणाले, काय व बाई, तुले कोणी न्हाऊ घातलं, पूजा कोरडी करावी. मग तिलेच सांगत बसले, लोखंडाले शिलाई मशीनचं तेल, लाकडाले अळशीचं, तेही बोटभरच, मधात मोडून उघडली की पहिले नळीतून उजेड पाहावा, काडतूस तं राह्यलं नाई ना, रिकामा घोडा पाडू नये, मिटताना आपटू नये. सगळं बंदुकीशी, पण जरा मोठ्यानं, मले ऐकू यावं इतकं. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, आबाले लेक नव्हती, दुनाळी होती. दुसऱ्या दिवशी चिंधी, गज आन तेलाची बाटली दाराशी ठेवून ते मळ्यात गेले. मी घासून पुसून ठेवली. सांजच्याले आले, तिले म्हणाले, आज तं नवरीसारखी दिसतेस. मी चुलीपाशी तोंडात पदर धरून हसले. तवापासून तिची सफाई माझीच.

मग सासूबाई गेल्या. मग माझे मालक गेले, फटफटीवर घरी येता येता ट्रकनं उडवलं, ते नका विचारू. पोरगी खंडव्याले दिली. आता घरात मी आन आबा, मधात निरोप नेणारं कोणी नाई. तं आबा ओट्यावर बसून दुनाळीले सांगत, आज भाकर कडक झाली बरं, माझे दात कुठी हायेत. मी आतून तिलेच म्हणे, मंग दुधात चुरून देते. गल्लीतले लोक हसत. हसू द्या. त्या घरात मी कधी एकटी नाई पडले, खरं सांगते.

मग चुनाव लागला. चुनाव आला की लायसनच्या बंदुका पोलीस थान्यात जमा कराव्या लागतात. आधीही जायची ती, पण तवा घरात माणसं होती. या वेळी आबा जमा करून आले आन घर मुकं झालं. ते ओट्यावर, मी आत. त्यातच त्यायले ताप भरला, छातीत कफ. डागदर म्हणे वय झालं, जपा. कुठी दुखते, काय खाऊ वाटते, काई कळायले मार्ग नाई. एक दिवस मी पदर मागं सारला, खाटेपाशी बसले आन सरळ म्हटलं,

आबा, मी हाये. माझ्याशी बोला.

त्यायनं माझ्याकडे पाह्यलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं तोंड पाह्यलं त्यायनं. मग तोंड उघडलं, नजर खुंटीकडे गेली, तिथं काई नाई. तोंड मिटून घेतलं, डोळ्यांतून पाणी गेलं. दुसऱ्या दिवशी आबा गेले. काय सांगायचं होतं त्यायले, हे मी मरेपर्यंत विचारत राहीन.

लायसन त्यायच्या नावाचं, म्हणून बंदूक थान्यातच राह्यली. वारस म्हणून मी अर्ज केला. साहेब म्हणे बाई, तुम्ही काय करणार बंदुकीचं. म्हटलं, पुसणार. लई चकरा झाल्या, पण मिळाली. मळा आता बटाईनं दिला हाये. सांजच्याले ओट्यावर तेल लावत बसते, पदर खांद्यावर, आन बोलते आबाशी, सरळ, मोठ्यानं, पोरीचं, केळीचं, सगळं. तुम्ही पोरी आता सासऱ्यासंग बसून चहा पिता, बोलता, मले पाहून बरं वाटते. बोलत जा बाई, देव तुमचं घर बोलतं ठेवो. मले आता कोणी अडवत नाई, पण ऐकायले कोणी नाई.